जुन्या फेनॉमचे बंद कोअर उघडताय? मे महिन्याची परीक्षा बाकी ठेवू नका

ऐरोलीत माझ्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर ऊन थेट टेबलावर येतं आणि टेबलाखालच्या कॅबिनेटला हात लावला तर पत्रा कोमट लागतो. त्या कॅबिनेटमध्ये एएमडीचा फेनॉम टू एक्स-टू ५५५ ब्लॅक एडिशन हा प्रोसेसर आहे. खोक्यावर दोन कोअर (स्वतंत्रपणे गणित करणारे भाग) लिहिलेत, आत सिलिकॉनवर चार आहेत. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी ते चारही सुरू केले. रात्रभर चाचणी लावली, सकाळी सगळं हिरवं होतं. मित्रांना फोटो पाठवले, शाबासकी मिळवली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो झिप करून ठेवले आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. चार दिवसांनी झिप उघडायला गेलो तर सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची खूण. संगणक एकदाही हँग झाला नव्हता, निळा पडदा आला नव्हता, साधी कुरकुरसुद्धा नाही. चौथा कोअर गरम झाला की हळूच चुकीची बेरीज करत होता, एवढंच. फोटो दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये होते म्हणून माझी घरातली जागा टिकली.

त्यानंतर कळव्याच्या मावसभावाचा आणि शेजारच्या एकाचा, असे आणखी दोन संगणक हाताखालून गेले. त्या सगळ्यातून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. कोअर उघडणं हे पाच मिनिटांचं काम आहे. उघडलेला कोअर खरं बोलतोय की नाही हे पाहायला आठवडे लागतात, आणि आपल्याकडे तर एक पूर्ण उन्हाळा लागतो.

सुरुवातीला: हे कोअर बंद का असतात

वाशीच्या घाऊक बाजारात आंब्याची वर्गवारी होताना पाहिली असेल, तर समजायला एक मिनिट पुरे. डागी आंबा वेगळ्या ढिगात, कमी भावात. फेनॉम टू एक्स-फोरच्या एकाच प्रकारच्या चिपमधून ज्यांचा एखादा कोअर नापास झाला, त्यांचे एक-दोन कोअर बंद करून एएमडीने एक्स-थ्री आणि एक्स-टू म्हणून विकले. पण स्वस्त मालाला मागणी जास्त आणि डागी माल कमी, असं झालं की व्यापारी काय करतो? चांगला आंबाही त्याच ढिगात टाकतो. एएमडीनेही तेच केलं. म्हणून काही एक्स-टूमध्ये चारही कोअर ठणठणीत निघतात, आणि काहींमध्ये बंद कोअर खरोखरच किडका असतो. तुमच्या वाट्याला कोणता आलाय ते खोक्यावरून कळत नाही.

२००९ च्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं, की ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन नावाची सेटिंग चालू केली की काही बोर्डांवर हे बंद कोअर जागे होतात. ही सेटिंग मुळात ओव्हरक्लॉकिंगला (ठरलेल्यापेक्षा वेग वाढवायला) मदत म्हणून दिलेली होती. कोअर जागे होणं हा तिचा न सांगितलेला गुण.

आजच्या रायझनवर किंवा इंटेलच्या नव्या चिपवर हे करायला जाऊ नका. तिथे कोअर कायमचे तोडलेले असतात, बायोसमधून (मदरबोर्डच्या सुरुवातीच्या सेटिंगमधून) परत येत नाहीत. हा खेळ मुख्यतः २००९ ते २०११ च्या एएम-थ्री सॉकेटच्या काळातल्या चिपचा.

लागणारं सामान

- क्रॉस पट्टीचा स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो चुंबकवाला.
- थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी गाळायचा कागद. कापूस वापरलात तर तंतू चिकटून राहतात.
- सीआर २०३२ बॅटरी. जुन्या बोर्डावरची बहुधा संपलेलीच असते.
- यूपीएस. बायोस अपडेट करणार असाल तर त्याशिवाय हात लावू नका.
- दोन पेनड्राइव्ह: एकावर मेमटेस्ट (रॅम तपासणारं), दुसऱ्यावर बाकीची साधनं.
- सीपीयू-झेड (चिपची ओळख दाखवतं), प्राइम-९५ (प्रोसेसरला राबवून चुका पकडतं), एचडब्ल्यू-मॉनिटर (तापमान दाखवतं) आणि सेव्हन-झिप (फाइली आवळतं). चारही फुकट मिळतात.
- महत्त्वाच्या फाइलींची प्रत, त्या संगणकाबाहेरच्या डिस्कवर.
- मदरबोर्डची पुस्तिका. हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून पीडीएफ मिळते. सीमॉसचा जंपर (बायोसच्या सेटिंग पुसायची छोटी खिट्टी) कुठे आहे ते पान छापून जवळ ठेवा, कारण ज्या क्षणी ते लागेल त्या क्षणी संगणक बंद असेल.
- शंभर पानी वही आणि पेन. हे गमतीने लिहिलेलं नाही.
- जुनी चिप विकत घेत असाल तर पावती, आणि पावतीवर "चालू स्थितीत तपासून" हे शब्द.

१. तुमच्याकडे नक्की कोणती चिप आहे ते बघा

सीपीयू-झेड उघडा. पहिल्याच पानावर नाव आणि कोडनेम दिसतं.

फेनॉम टू एक्स-टू ५४५, ५५०, ५५५, ५६०: आत चार कोअर आणि ६ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). सगळ्यात चांगला उमेदवार.
फेनॉम टू एक्स-थ्री ७२०: एकच कोअर बंद. तोही चांगला.
अ‍ॅथलॉन टू एक्स-थ्री: चौथा उघडू शकतो. काही नगांमध्ये आतली चिप फेनॉमची निघते आणि एल-थ्रीसुद्धा जागी होते. पण ही लॉटरी.
फेनॉम टू एक्स-फोर ९६०-टी: याच्या आत सहा कोअर आहेत.
सेम्प्रॉन १४०: एकाचे दोन होऊ शकतात. करून बघण्यापुरतं ठीक.

फसगत होते ती अ‍ॅथलॉन टू एक्स-टूमध्ये. लोक "एक्स-टू" वाचून घेतात. पण त्यातल्या बहुतेक चिप मुळातच दोन कोअरच्या घडवलेल्या आहेत, आत लपलेलं काही नाही. ओळखायची खूण एल-टू कॅश: प्रत्येक कोअरला १ एमबी दिसली तर ती मूळचीच दोन कोअरची. आणि ९२५, ९४५, ९५५ यांचे चारही कोअर उघडेच असतात, त्यांच्याकडून पाचव्याची अपेक्षा धरू नका.

चिप घ्यायची असेल तर लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून पश्चिम रेल्वेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. जुना माल सगळ्याच दुकानांत मिळत नाही, दोन-चार ठिकाणी विचारावं लागतं. एका दुकानदाराने मला वर्तमानपत्रात गुंडाळून चिप दिली. मी गर्दीच्या गाडीत ती खिशात घातली. घरी आल्यावर पाहतो तो कोपऱ्यातल्या पाच पिना आडव्या. चूक त्याची की माझी हे आता ठरवता येत नाही. एएम-थ्री चिपला खाली ९३८ पिना असतात, त्यामुळे दुकानातच उजेडात धरून चारही बाजूंनी पिनांच्या रांगा सरळ आहेत का बघा, आणि सोबत प्लास्टिकची कडक डबी घेऊन जा. पिन वाकलीच तर ०.५ च्या खटक्याच्या पेन्सिलीतली शिसं काढून टाका आणि तिचं पोकळ टोक पिनेवर चढवून अगदी हळू उभी करा. माझ्या पाचही पिना तशाच सरळ झाल्या. पंचेचाळीस मिनिटं लागली आणि त्या वेळात मी कोणाशी बोललो नाही.

२. मदरबोर्ड साथ देतो का

एसबी ७१० किंवा एसबी ७५० ही साउथब्रिज चिप असलेल्या बोर्डांत अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन असतं. पुढच्या एसबी ८५० मधून ते गेलं, पण बोर्ड बनवणाऱ्यांनी आपापली सोय करून दिली. असूसवर तिचं नाव कोअर अनलॉकर, एमएसआयवर अनलॉक सीपीयू कोअर, एएसरॉकवर यूसीसी. गिगाबाइटच्या काही जुन्या बोर्डांवर ईसी फर्मवेअर सिलेक्शन नावाची ओळ असते. ती नॉर्मलवरून हायब्रिड केल्याशिवाय बाकी काही केलं तरी उपयोग नाही. पहिल्या दिवशी याच ओळीने मावसभावाचे दोन तास खाल्ले.

बायोस अपडेट करावं का? सोय आधीच दिसत असेल तर नाही. काही बोर्डांच्या नंतरच्या बायोसमधून ही सोय काढून टाकली गेली आहे. नव्याच्या हौसेपोटी अपडेट करून बसाल आणि होतं ते घालवाल.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही. प्रोसेसरच्या शेजारी चौकोनी कॉइल आणि छोट्या काळ्या चिपची रांग असते, ती प्रोसेसरला वीज पुरवते. स्वस्त बोर्डांवर तिच्यावर हीटसिंक नसतो. एक्स-टू ५५५ हा ८० वॉटचा आहे. चार कोअर जागे करून वर वेग वाढवला की तो १२५ वॉटच्या भावंडांच्या पंगतीला जाऊन बसतो. बोर्डाच्या सीपीयू सपोर्ट यादीत १२५ वॉटच्या चिप नसतील, तर कोअर उघडा हवं तर, पण वेग वाढवायच्या भानगडीत पडू नका.

एसएमपीएसचंही (वीजपुरवठ्याच्या डब्याचंही) तसंच. स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट असतं. तुम्ही बारीक अक्षरातला १२ व्होल्टचा रकाना वाचा. तिथे जितके अँपिअर असतील त्यांना १२ ने गुणा. तेवढेच वॉट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या कामाचे.

३. कूलर काढा, पण ओढू नका

वर्षानुवर्षं वाळलेली थर्मल पेस्ट सिमेंटसारखी होते. क्लिप सोडवून कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर लॉक असलेल्या सॉकेटमधून पिनांसकट उपटून वर येतो. जुन्या एएमडी संगणकांवर सगळ्यात जास्त नुकसान याच एका क्षणी होतं.

म्हणून आधी संगणक दहा-पंधरा मिनिटं चालवा, पेस्ट मऊ होऊ द्या. बंद करा, प्लग काढा. क्लिप सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, बरणीचं घट्ट झाकण सैल करतो तसा. तो सहज घसरू लागला की मगच उचला.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध. पंख्याच्या पात्यांवरची धूळ ब्रशने काढा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आसपास राहत असाल तर हीटसिंकच्या फटींत काळपट तेलकट थर सापडेल, तो फुंकून जात नाही.

मूळ ८० वॉटवाल्या कूलरवर चार कोअर भागतील असं समजू नका. १२५ वॉटच्या फेनॉमबरोबर येणारा हीटपाइपवाला कूलर जुना मिळाला तर घ्या. क्लिप तीच बसते.

४. काहीही बदलण्याआधी एक रात्र जशाच्या तशा संगणकाला द्या

बायोसमध्ये डिफॉल्ट लोड करा. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावा आणि रॅमच्या किमान दोन फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तर आधी रॅम बदला. रॅम खराब असताना कोअर तपासणं म्हणजे मोडक्या तराजूवर सोनं तोलणं.

मग प्राइम-९५ एक तास. वहीत लिहा: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, व्होल्टेज. खोलीच्या तापमानाचा रकाना सोडू नका. माझ्या जानेवारीच्या पानावर तो नव्हता आणि तिथेच मी फसलो.

५. आता कोअर उघडा

बायोसमध्ये शिरा, तुमच्या बोर्डाची ती सोय चालू करा. अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन असेल तर ऑटो ठेवा. टक्केवारीचे आकडे दिसतील, त्यांना सध्या हात लावू नका. कूल-अँड-क्वाएट आणि सी-वन-ई (काम नसताना वीज वाचवणाऱ्या सोयी) चाचणी संपेपर्यंत बंद ठेवा. सेव्ह करा, रीस्टार्ट.

तीनपैकी एक गोष्ट होईल.

पडदा काळा, पंखा फिरतोय, बाकी शांतता: घाबरू नका. प्लग काढा, सीमॉसचा जंपर दहा सेकंद दुसऱ्या जोडीवर लावून परत जागेवर बसवा, किंवा बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. संगणक पुन्हा दोन कोअरवर येतो. बंद कोअर किडका आहे हे आत्ताच कळलं, ते बरंच झालं.

विंडोज सुरू होताना मध्येच निळा पडदा: एखादा कोअर अर्धवट आहे. सातव्या पायरीकडे जा.

विंडोज आलं: सीपीयू-झेडमध्ये नाव बदललेलं दिसेल. ५५५ चं होतं फेनॉम टू एक्स-फोर बी-५५, ५५० चं बी-५०. हे नाव पहिल्यांदा बघताना जो आनंद होतो, तो आहेच, नाकारत नाही. मी आईला हाक मारून दाखवलं होतं. ती म्हणाली, "बरं. बिल किती वाढेल?" हिशोब केला: ४५ वॉट जास्त, रोज सहा तास, म्हणजे महिन्याला साधारण आठ युनिट. चालेल म्हणाली.

बायोसमध्ये चार दिसतात आणि विंडोजमध्ये दोनच? मग एमएस-कॉन्फिग उघडा, बूटच्या पानावर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे प्रोसेसरच्या संख्येपुढे खूण करून कोणीतरी २ निवडून ठेवले असतील. ती खूण काढा. "संगणक फास्ट करा" छाप व्हिडिओ बघून ती खूण केलेली बऱ्याच संगणकांवर सापडते.

आणि हे नीट वाचा: कोअर उघडले की बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरच्या आतला तापमानाचा सेन्सर बिनकामाचा होतो. एचडब्ल्यू-मॉनिटरमध्ये कोअरचं तापमान शून्य किंवा काहीच्या बाही दिसतं. ते "थंड आहे" असं समजू नका. बोर्डाच्या सॉकेटजवळचा सेन्सर वेगळा असतो, त्याचा आकडा बघा, आणि तोही थोडा कमीच सांगतोय असं धरून चाला.

६. खरी चाचणी

इथेच लोक घाई करतात. पंधरा मिनिटं गेम चालला, म्हणजे झालं. नाही झालं.

पहिला दिवस: प्राइम-९५ स्मॉल एफएफटी, दोन तास. प्रत्येक कोअरला एक वर्कर मिळतो. एखादा वर्कर "राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी" अशा अर्थाची ओळ टाकून थांबला, तर त्याचा क्रमांक वहीत लिहा. तोच गुन्हेगार, किंवा निदान संशयित.

दुसरा दिवस: ब्लेंड, रात्रभर. यात रॅमसुद्धा राबते.

तिसरा दिवस: माझ्या झिपने शिकवलेली चाचणी. दहा-बारा जीबीचं फोटोंचं फोल्डर घ्या, सेव्हन-झिपने आवळा, मग त्याच झिपवर टेस्ट चालवा. असं सलग पाच वेळा. एकदाही सीआरसीची तक्रार यायला नको. प्राइममध्ये पास झालेली चिप इथे नापास होताना मी पाहिली आहे. मूळ फोल्डर अर्थातच उडवायचं नाही.

याच काळात विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टमच्या नोंदींमध्ये WHEA-Logger असं नाव शोधा. "करेक्टेड हार्डवेअर एरर" अशा नोंदी दिसल्या, तर संगणक चालतोय पण आतल्या आत चुका दुरुस्त करत चालतोय. ही उसनी तब्येत आहे, टिकत नाही.

कळव्याहून मावसभावाचा फोन आला होता, "दादा, चार दिसतायत, पण मोठी एक्सेल उघडली की मान टाकतो." त्याची चिप अ‍ॅथलॉन टू एक्स-थ्री ४४०. मी विचारलं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय आहे? म्हणाला, "ते काय असतं?" उघडलं तर चार दिवसांत शंभरावर नोंदी. तो रोज रीस्टार्ट करत होता आणि समजत होता की विंडोज खराब आहे.

७. एक कोअर नापास झाला तर

चार नाहीत तर तीन. एक्स-टूचे तीन झाले तरी फुकटच मिळाले आहेत. बायोसमध्ये सीपीयू कोअर कंट्रोल किंवा कोअर अ‍ॅक्टिव्हेशन अशी ओळ असते, तिथून तो एक कोअर बंद करा.

मोजणीत गोंधळ होतो. प्राइम-९५ वर्कर १ पासून मोजतं, काही बायोस कोअर ० पासून. वर्कर ४ नापास म्हणजे अशा बायोसमध्ये कोअर ३. बंद केल्यावर परत दोन तास प्राइम लावून खात्री करा की योग्य तोच बंद झालाय.

व्होल्टेज किंचित वाढवलं की अर्धवट कोअर कधीकधी सुधारतो. मी ०.०२५ व्होल्टची एक पायरी चढवून बघतो, फार तर दोन. तेवढ्यात जमलं नाही तर नाद सोडतो.

८. वेग वाढवणं

कोअरचा निकाल लागल्याशिवाय इकडे येऊ नका. दोन्ही एकदम केलंत आणि संगणक पडला, तर कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

गणित सोपं आहे. मूळ घड्याळ २०० मेगाहर्ट्झ, त्याला गुणक. ५५५ चा गुणक १६, म्हणून ३२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३.२ गिगाहर्ट्झ. ब्लॅक एडिशनमध्ये गुणक मोकळा असतो आणि अर्ध्या पायरीने वाढतो. १६.५ केला की ३.३, १७ केला की ३.४.

एका वेळी अर्धी पायरी. प्रत्येक पायरीला अर्धा तास प्राइम. वहीत ओळ. नापास झालं की व्होल्टेज ०.०२५ ने वर, पुन्हा अर्धा तास. प्रोसेसरचं व्होल्टेज हवेच्या कूलरवर १.४५ च्या पुढे मी नेत नाही. लोक नेतात, मला माहीत आहे. त्यांच्या खोलीत एसी असेल.

तापमान: १२५ वॉटच्या फेनॉम टू एक्स-फोर ९५५ साठी एएमडीने दिलेली कमाल ६२ अंश आहे. सेन्सरवर भरवसा नसल्यामुळे मी बोर्डाचा आकडा ५५ झाला की थांबतो.

ब्लॅक एडिशन नसेल तर गुणक वर जात नाही, मूळ घड्याळच वाढवावं लागतं, आणि त्याच्या शेपटीला बांधलेलं सगळंच वाढतं. मावसभावाच्या ४४० चा गुणक १५. घड्याळ २०० वरून २२० केलं की प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्झ. पण त्याच वेळी १३३३ ची रॅम १४६६ वर पळायला लागते आणि हायपर-ट्रान्सपोर्ट (प्रोसेसर आणि बोर्डामधला दुवा) २००० चं २२०० होतं. म्हणून आधीच रॅमची सेटिंग एक पायरी खाली, १०६६ वर आणा, म्हणजे ती ११७३ च्या आसपास राहील. हायपर-ट्रान्सपोर्टचा गुणक १० चा ९ करा, १९८० येईल. नॉर्थब्रिजचाही (प्रोसेसरमधला रॅमशी बोलणारा भाग) तसाच. नवशिक्यांचा संगणक इथे बहुतेक वेळा रॅममुळे पडतो आणि ते व्होल्टेज चढवत बसतात प्रोसेसरचं.

शेवटचं समाधानकारक पाऊल सापडलं की तिथून एक पायरी खाली या आणि तिथेच राहा. १८ वर दोन तास टिकला असेल तर रोजच्या वापराला १७.५. कूल-अँड-क्वाएट परत चालू करा, म्हणजे नुसतं टायपिंग करताना पंखा ओरडणार नाही.

वॉरंटीचं वेगळं सांगायला नको. ओव्हरक्लॉकिंग वॉरंटीत बसत नाही, आणि या चिपची वॉरंटी तशीही कधीच संपली आहे.

९. मे महिना

आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे खोली २२ अंशांवर असते. मेच्या दुपारी माझ्या खिडकीपाशी ३५. पंखा आतली हवाच हीटसिंकवर मारतो, त्यामुळे खोली १३ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. जानेवारीत ५० वर खूश असलेली चिप मेमध्ये ६३ वर असते, म्हणजे मघाच्या ६२ च्या पलीकडे. ही वजाबाकी मी पहिल्या वर्षी केली नव्हती.

म्हणून थंडीत जुळवलेलं सेटिंग "तात्पुरतं" असं वहीत लिहा. एप्रिलच्या शेवटी, दुपारी दोन ते पाच, एसी बंद ठेवून सहाव्या पायरीतली झिपची चाचणी पुन्हा करा. घाई असेल तर थंडीतही नक्कल करता येते: कॅबिनेटची बाजू बंद, टेबलाखाली भिंतीला लागून, पुढची जाळी पुठ्ठ्याने अर्धी झाकून. बोर्डाच्या आकड्यावर नजर ठेवा आणि समोरून उठू नका.

पावसाळ्यात तापमान उतरतं, पण खाडीची दमट हवा बारा तास बंद पडलेल्या संगणकाला मानवत नाही. जुलैत सुट्टीवरून आल्यावर रॅम एकदा काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून बसवा. "कोअर गेला" अशा निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

१०. या संगणकाचं करायचं काय

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या चिपला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स मिंट व्यवस्थित चालतं. प्राइम-९५ तिथे एमप्राइम नावाने मिळतं. या चिपमध्ये एसएसई ४.१ आणि एव्हीएक्स हे सूचनासंच नाहीत, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होणार नाहीत, कोअर किती का असेनात. अभ्यास, ब्राउझर, हिशोब, जुने गेम, फोटो साठवणं यासाठी तीन-चार कोअर आणि एक एसएसडी भरपूर.

कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला वहीतलं शेवटचं पान चिकटवून ठेवा. उद्या बॅटरी संपून सेटिंग पुसली गेली तर ते पान बघून पाच मिनिटांत सगळं परत येतं. माझ्या पानावर सध्या असं आहे: "५५५. कोअर तीन, चौथा बंद. गुणक १७. व्होल्टेज १.४०. रॅम १३३३. चाचणी १९ मे, दुपारी ३, खोली ३५, बोर्ड ५४. झिप पाचपैकी पाच."